अमेरिकेच्या अर्जात मेजर (मुख्य विषय) कोणता लिहायचा?

धुळ्याची आई
मुलगी बारावीत आहे, अमेरिकेत बीएसला अर्ज करतेय. तिला कॉम्प्युटर सायन्सच हवंय. आमचे कन्सल्टंट म्हणतात, "सीएसला फार गर्दी. लिंग्विस्टिक्स, म्हणजे भाषाशास्त्र टाका, आत गेल्यावर बदलून घ्या." यादीत एमआयटी, बर्कली आणि इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन आहे. शनिवारपर्यंत कळवायचंय. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. असं चालतं का हो?

शिकागोचा काका
ताई, "आत गेल्यावर बदलून घ्या" यावर अजिबात विसंबू नका. एमआयटीत प्रवेश अख्ख्या संस्थेत मिळतो, मेजर पहिल्या वर्षाच्या शेवटी ठरतो. तिथे मनात असेल ते लिहा. अर्बाना-शॅम्पेनला मात्र अर्ज मेजरवरच तोलला जातो, आणि सीएस तिथलं सगळ्यात अवघड दार. बर्कलीतही 2023 पासून सीएसची निवड थेट प्रवेशाच्या वेळीच होते. मागाहून शिरायची वाट फार अरुंद.

माझ्या भाच्याने दुसऱ्या एका विद्यापीठात हेच केलं. नोंदणीच्या दिवशी पहाटे लॅपटॉप उघडून बसायचा, पण सीएसच्या जागा आधी सीएसवाल्यांना. उरलेल्यांनी वेटिंग लिस्टवर थांबायचं. तीन सत्रं असा थांबला, शेवटी स्टॅटिस्टिक्स घेतलं. पोरगा हुशार होता, म्हणून अजून जीव तुटतो.

बर्कलीत दुसरं वर्ष
काकू, बर्कलीच्या अर्जात आठपैकी चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी 350 शब्दांत. एसएटी ही प्रवेश परीक्षा बघतच नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्यापुढे शाळेच्या मार्कांसोबत हेच लिखाण आणि तिचे उपक्रम. सगळे उपक्रम कोडिंगचे आणि मेजर लिंग्विस्टिक्स असेल तर ते लगेच खटकतं. तिने भाषेचं खरंच काही केलंय का?

धुळ्याची आई
केलंय की! सासूबाई अहिराणी बोलतात. लेकीने त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि त्यातली क्रियापदं वेगळी काढायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. "काय करी ऱ्हायना" मधलं "ऱ्हायना" त्याला कळेना, तर आठ दिवस त्याच्याच मागे होती. आम्ही अभ्यास सोडून हे काय म्हणून रागावलो. कन्सल्टंटना सांगितलंच नाही.

शिकागोचा काका
अहो ताई, हे आधी सांगायचं! अर्बाना-शॅम्पेनला कॉम्प्युटर सायन्स प्लस लिंग्विस्टिक्स असा खराखुरा मेजर आहे. एकाच पदवीत दोन्ही. तिथेही चुरस आहे, सोपा रस्ता म्हणून नका घेऊ. पण तिचं काम नेमकं त्यातच बसतं. तिथल्या अर्जात दुसरी पसंतीही देता येते. तीसुद्धा अशीच भरा, जी मिळाली तर ती चार वर्षं आनंदाने शिकेल.

धुळ्याची आई
लेकीला वाचून दाखवलं. बर्कलीला सीएसच, अर्बाना-शॅम्पेनला तुम्ही सांगितलेला मेजर. दुसरी पसंती तिची ती ठरवतेय. आत्ता वही घेऊन आजीजवळ बसलीये, "ऱ्हायना"वरच 350 शब्द लिहायचे म्हणते.