स्नेअर ड्रम स्वतः लावून शिकायचा आहे, मार्गदर्शन हवे

ताशावाला (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. गावातील गणेशोत्सवात मी अनेक वर्षे ताशा वाजवतो. अलीकडे एका बँड पथकाकडून 14 इंची जुना स्नेअर ड्रम स्टँडसह घेतला. काडी पडल्यानंतर खालच्या तारा बराच वेळ खरखरत राहतात आणि त्या घट्ट केल्या तर आवाजच दबतो. दुकानदार वरचे पान (ज्यावर काडी पडते तो ताणलेला पडदा) बदलण्यास सांगतो. ते खरोखर आवश्यक आहे का? काड्या कोणत्या घ्याव्यात आणि दाट वस्तीत सराव कसा करावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्या भागात हे वाद्य शिकवणारे कोणी नाही.

लाकडी_कडे (हिंगणघाट)

भाऊ, वरच्या पानावर खोल खड्डे किंवा चीर नसेल, तर पैसे खर्च करण्याची घाई करू नका. आपण सांगितलेली लक्षणे पाहता दोष बहुधा खालच्या बाजूला असावा. नवशिके वरच्या पानाशीच झटत राहतात आणि ड्रम उलटा करून पाहतच नाहीत.

प्रथम ड्रमच्या बाजूचा, तारा ताणणारा-सोडणारा खटका खाली करून तारा सैल सोडा, म्हणजे पानाचा निखळ आवाज ऐकू येईल. खालचे पान वरच्यापेक्षा पुष्कळ पातळ असते. त्यावर काडीने ठोकू नये, बोटाने हलकी टिचकी मारावी. सर्व बोल्ट आधी हाताने जेमतेम टेकवा आणि मग चावीने एक बोल्ट अर्धा फेरा आवळला की त्याच्या अगदी समोरचा आवळायचा, अशा क्रमाने फिरा. ओळीने शेजारचे बोल्ट आवळत गेल्यास पान दाबून धरणारी रिंग एका बाजूला बसते आणि पान तिरके ताणले जाते. त्यानंतर प्रत्येक बोल्टजवळ, काठापासून इंचभर आत टिचकी मारून सर्व ठिकाणचे स्वर एकसारखे होईपर्यंत थोडे-थोडे जुळवा. ताशाचा कान तयार असल्याने हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर जमेल. वरचे पानही याच रीतीने लावा. खालचे सहसा वरच्यापेक्षा चढे ठेवतात.

आता तारा. कड्याच्या, म्हणजे ड्रमच्या गोल लाकडी अंगाच्या, खालच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी किंचित उतार दिलेला असतो आणि तारांचा पट्टा त्या दोन जागांवरूनच जायला हवा. जुन्या ड्रमचे पान कोणी बदलताना कडे फिरवून बसवले असेल, तर पट्टा भलत्याच ठिकाणी येतो आणि खरखर कशानेही थांबत नाही. पट्टा मध्यभागी, दोन्ही टोकांना सारखे अंतर सोडून बांधा. मग खटका वर करून अगदी हळू वाजवत स्क्रू जरा-जरा आवळा. हलका आघातही स्वच्छ तुटून ऐकू आला की तिथेच थांबा. शेजारी ढोल किंवा बँजो वाजत असताना तारा आपोआप झणझणणे हा दोष नव्हे. आपले वादन नसेल तेव्हा खटका खाली ठेवावा.

बँडमास्तर (पुसद)

वरील सल्ला योग्य आहे; फक्त हातांविषयी थोडे सांगतो. शाळांच्या 15 ऑगस्टच्या संचलनात डाव्या हाताची काडी तळहात वर करून धरलेली दिसते. ड्रम पट्ट्याने गळ्यात लटकून तिरका राहतो, म्हणून ती पकड आली. आपला ड्रम स्टँडवर आहे, तेव्हा दोन्ही हातांची पकड सारखीच ठेवा: अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये काडी, बाकीची बोटे सैल आणि तळहात खाली. ताशाच्या बारीक काड्या येथे उपयोगी नाहीत. 5ए मापाची जोडी घ्या आणि दुकानातच ती सपाट फळीवर घरंगळवून वाकडी नाही ना ते पाहा.

ताशाची सवय असलेल्यांचा हात वेगात आधीच तयार असतो, आणि माझ्या मते तीच त्यांची अडचण ठरते. काडी पानावरून आपोआप उसळू द्यायची असते, प्रत्येक आघात मनगटाने मारायचा नसतो. म्हणून मोबाइलमधील मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिक करणारे ॲप) मिनिटाला 60 वर ठेवून आधी एकेरी आघात, मग प्रत्येक हाताचे दोन-दोन आणि त्यानंतर पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, असा सराव करा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेने 1984 मध्ये असे 40 मूलभूत प्रकार निश्चित केले. सगळ्यांच्या मागे लागू नका. सुरुवातीला हे तीन पुरेसे आहेत.

ताशावाला

मनःपूर्वक आभार. ड्रम उलटा केला, तेव्हा पट्टा खरोखरच उतारापासून बाजूला सरकलेला आढळला. आवाज न करता सराव करायचे पॅड विकतचेच हवे का? आणि मे महिन्यात आमच्या टिनाच्या खोलीत ड्रम ठेवला तर चालेल का?

लाकडी_कडे

प्लायवूडच्या तुकड्यावर जाड रबर चिकटवले तरी पॅडचे काम भागते आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. डफाचे चामडे जसे पावसाळ्यात सैल पडून शेकावे लागते, तसे या प्लास्टिकच्या पानाचे होत नाही. मात्र विदर्भातील मे महिन्यात टिनाखालची उष्णता लाकडी कड्याला आणि त्याच्या डिंकाच्या जोडांना सोसत नाही, म्हणून ड्रम घराच्या आतल्या, थंड खोलीत ठेवा. स्टँडचे तीन हात ड्रमला जेमतेम धरतील इतकेच आवळा आणि त्यांपैकी एकही तारांच्या पट्ट्याखाली येऊ देऊ नका. बसल्यावर रिंग मांडीच्या थोडी वर यावी. पट्ट्याच्या तारा वाकलेल्या असतील, तर नागपूर किंवा अमरावतीला जाताना जुना पट्टा सोबत न्या. 14 इंची ड्रमला साधारणपणे 20 तारांचा पट्टा बसतो, पण लांबी जुळवूनच घ्यावा.