एका लेनमध्ये चौघं: तलावावरचे तुमचे अनुभव लिहा

एप्रिल लागला की सांगलीत सकाळी ६ च्या बॅचला तलावावर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या मिळून लेन ६ आणि पाण्यात ३५-४० माणसं. गेल्या आठवड्यात ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक, बेडकासारखं पोहणं) मारताना माझी लाथ समोरून येणाऱ्या एका काकूंच्या बरगडीत बसली. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या, तोंडातून शब्द फुटेना. मी माफी मागितली, त्याही "असू दे गं" म्हणाल्या, पण दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चूक कुणाची, हे आम्हा दोघींनाही सांगता येईना, कारण कुणी कुठल्या बाजूनं जायचं हे आमचं कधी ठरलंच नव्हतं.

शर्यतीच्या तलावात लेन अडीच मीटर रुंद असते. ऐकायला बरीच वाटते. पण ब्रेस्टची लाथ दोन्हीकडं फाकते आणि फ्रीस्टाइलचा हात पाण्याबाहेरून येतो. दोघं समोरासमोर आले की मध्ये फारसं काही उरत नाही. म्हणून हा धागा. सांगली-साताऱ्याकडच्या आणि इथून बाहेर गेलेल्यांनीही लिहा. तलावाचं किंवा माणसाचं नाव नको, घडलं तेवढं सांगा.

गावभाग, सांगली. वय ६८

मी कृष्णेत शिकलो, पाठीला भोपळा बांधून. घाटावरून उतरायचं, धारेला तिरकं जायचं आणि ती नेईल तिथं पलीकडं लागायचं. एवढ्या मोठ्या पात्रात कुणी कुणाच्या आडवं येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढं नदीत मगरी दिसायला लागल्या, पाणीही पूर्वीसारखं राहिलं नाही. मुलांनी नदी बंद करायला लावली आणि तलावाचा पास काढून दिला.

तिथं माझी पंचाईत झाली. आम्ही नदीवाले डोकं वर काढून पोहणारे. आमच्या बॅचला लेनचे दोर काढून ठेवलेले असतात. त्यामुळं मी २ नंबरला निघायचो आणि पलीकडं ४ नंबरला लागायचो. वाटेत दोघातिघांना धडकायचो. लोक वयाकडं बघून गप्प बसायचे. शेवटी तिथं शिकवणारा पोरगा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आजोबा, तळाशी काळी पट्टी आहे, ती कधी बघितलीय का?" नव्हती बघितली! त्यानं स्वतःचा गॉगल दिला. आयुष्यात पहिल्यांदा डोकं पाण्यात घालून पोहलो. पट्टी सरळ जाते आणि शेवटी तिला आडवी रेघ आहे. ती रेघ दिसली की भिंत २ मीटरवर आली म्हणून समजायचं. आता पट्टी माझ्या उजव्या हाताला ठेवून जातो, परतताना पुन्हा उजव्याच हाताला. गेल्या दोन वर्षांत कुणाला धक्का नाही. त्या पोराचे उपकार आहेत.

मूळची इस्लामपूरची, सध्या मेलबर्न

आजोबांनी लिहिलंय तीच पद्धत. पट्टी उजवीकडं, म्हणजे आपण डावीकडून. इथं ऑस्ट्रेलियात रस्त्यासारखंच तलावातही डावीकडून जातात. दोघंच असतील तर लेन अर्धी अर्धी वाटून घेतात, तिसरा आला की गोल फिरायचं. तिसऱ्यानं मात्र धाडकन उडी मारायची नाही. पाण्यात पाय सोडून बसायचं, दोघांनी बघितलं याची खात्री करायची आणि मगच उतरायचं. माझा भाऊ अमेरिकेत आहे, तिकडं उजवीकडून. दिवाळीत दोघं सांगलीच्या तलावात एकत्र उतरलो आणि पहिल्याच फेरीत डोक्यावर डोकं आपटलं. दोघंही आपापल्या सवयीनं बरोबर होतो.

पुढं जायचं असेल तर इथं पुढच्याच्या तळपायाला बोटानं हलकं टोचतात. तो भिंतीशी थांबून वाट देतो. आपल्याकडंही हे सुरू करायला हरकत नाही.

विश्रामबाग, सांगली

ताई, हरकत आहे. तुमच्याकडं ते चालत असेल. इथं मिक्स बॅचमध्ये अनोळखी माणसाचा हात पायाला लागला की अंगावर काटा येतो. चुकून लागला की मुद्दाम, हे पाण्यात कळत नाही. माझ्यासोबत एकदा मुद्दाम झालं होतं आणि मी पुढं तीन महिने तलावाकडं फिरकले नाही. त्यामुळं पाय टोचायची रीत आमच्या बॅचमध्ये नकोच. आम्ही भिंतीशी ठरवतो. मागचा जोरात येतोय असं वाटलं की पुढच्यानं कोपऱ्यात सरकून थांबायचं आणि "जा पुढं" म्हणायचं. मागच्याला घाई असेल तर त्यानं भिंतीशी तोंडानं सांगायचं. यात पाच सेकंद जातात, जाऊ देत.

आणि आमचीही एक चूक सांगते. लेडीज बॅचला आम्ही मैत्रिणी उथळ बाजूला भिंतीला पाठ लावून बोलत उभ्या राहायचो. स्पर्धेची तयारी करणारी एक मुलगी रोज आमच्यापाशी येऊन अडायची. तिला पाण्यात कोलांटी मारून भिंतीला पाय टेकवायचे असतात, आणि भिंतीशी आम्ही! बिचारी महिनाभर काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, मधला एवढा तुकडा सोडला तरी मला पुरतो." तिनं हातानं दाखवला, जेमतेम परातीएवढा. तेव्हापासून आम्ही दोराच्या कडेला कोपऱ्यात उभ्या राहतो.

सातारा, ८ वर्षांच्या मुलाचा बाबा

गावाकडच्या विहिरीत मुटका मारायला मीच त्याला शिकवलं. तलावावर त्यानं तोच मुटका एका ताईंच्या पाठीवर मारला. नशीब, पाठीवरच निभावलं. आता आमचा नियम आहे: उडी विहिरीत, तलावात शिडीनं.

मिरज

माझी तक्रार आहे आणि मी ती लेखीही दिली आहे. आमच्या तलावावर सगळ्यांसाठीच्या तासाला क्लासवाले ६ पैकी ४ लेन दोर लावून अडवतात. फी आम्हीही भरतो. उरलेल्या दोन लेनमध्ये नवशिके, म्हातारे आणि जोरात पोहणारे सगळे एकत्र. तिथं कसली शिस्त पाळणार? चौघांना शिस्त लागते, पंधरांना जागा लागते. मुलं स्पर्धेला जावीत असं मलाही मनापासून वाटतं. पण त्यांचा तास वेगळा असावा आणि तो फलकावर लिहिलेला असावा.

वाळवा तालुका

मला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय चालत नाही. मी हातांवर पोहतो. आमच्या भागातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिम्पियन. वडिलांनी मला त्यांची गोष्ट सांगूनच पाण्यात उतरवलं.

माझी अडचण वेगाची नाही, मधल्या अंतरात मी बऱ्याच जणांच्या पुढं असतो. अडचण भिंतीशी येते. इतरांसारखा दोन्ही पायांनी रेटा देता येत नाही, म्हणून वळायला वेळ लागतो. तेवढ्यात मागचा अंगावर येतो किंवा कुणीतरी दया येऊन दंड धरून ओढतो. ओढू नका. हात निसटला की पाणी नाकातोंडात जातं. दोन हातांचं अंतर ठेवून थोडं थांबा, मी निघतो. आणि कठड्याजवळच्या कडेच्या लेनमध्ये मला जागा द्या, कारण दमलो तर धरायला कठडा तिथंच असतो. एवढं पुरे.

कराड, पूर्वी लंडनला होतो

तिकडं एक लेन घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, शेजारची उलटी. आधी मला ते उगाचच वाटलं. मग लक्षात आलं की त्यामुळं दोराच्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच दिशेनं जातात आणि दोरावरून हाताला हात आपटत नाही. इकडं आम्ही कठड्यावर खडूनं बाण काढले, ते पहिल्याच उडीच्या पाण्यानं पुसले. शेवटी जीवरक्षक दादांनी जुन्या ट्यूबच्या रबराचे बाण कापून खांबांना बांधले. तीन आठवडे झाले, टिकलेत. लेनना 'स्लो' आणि 'फास्ट' अशी नावंही ठेवली होती, पण स्लोमध्ये जायला कुणी तयार होईना. त्यांनी पाट्या बदलल्या: 'दमानं', 'रोजचं', 'जोरात'. आता 'दमानं' सगळ्यात आधी भरते.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. मिरजकरांनी तक्रारीचं काय झालं ते कळवा. आज सकाळी त्याच काकू ५ नंबरला होत्या. मी पाण्यात पाय सोडून बसले आणि त्या भिंतीशी येईपर्यंत थांबले.

"डावीकडून जाऊया का?" मी विचारलं.

"होय की. ब्रेस्ट मारणार असशील तर मी पुढं होते, तू जरा अंतर ठेवून ये."

त्या निघाल्या. पाठीवर पोहणाऱ्यांसाठी वर टांगलेल्या पताका ओलांडून त्या चांगल्या पुढं गेल्या, मग मी भिंत सोडली.