मशरूमच्या कॅप्सूल (लायन्स मेन, रेशी, चागा वगैरे): माणसांवर काही सिद्ध झालंय का?

पाऊलवाट:
नमस्कार. वडील ६८ वर्षांचे आहेत, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे आणि शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन. हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत, बोलता बोलता मध्येच अडकतात आणि त्याचं त्यांनाच फार टेन्शन आलंय. चुलतभावाने एक डबी पाठवलीय, दहा प्रकारच्या मशरूमचं मिश्रण, रोज दोन कॅप्सूल म्हणजे सगळं मिळून १००० मिलिग्रॅम. वर लिहिलंय स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती, स्टॅमिना, झोप, सगळंच. बाबा म्हणतात नैसर्गिक आहे, घेऊन बघायला काय जातंय. मी शोधलं तर अर्धे लोक म्हणतात जादू आहे, अर्धे म्हणतात निव्वळ फसवणूक, आणि पुरावा म्हणून जे अभ्यास देतात ते बघावेत तर उंदरांवरचे. माणसांवर काय झालंय ते कुणी नीट वाचलंय का? डबी अजून फोडलेली नाही.

अळंबीवेडा:
वाचलंय, बरंच वाचलंय, कारण हा माझा आवडीचा विषय आहे. पहिली गोष्ट म्हणजे "मशरूमचे फायदे" असा एकत्र हिशोब करूच नका, प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे आणि डबीवर ती सगळी एकात एक मिसळून टाकतात.

तुमच्या कामाचं म्हणजे लायन्स मेन. जपानमधे २००९ साली एक ट्रायल प्रसिद्ध झाली, ५० ते ८० वयाची, सौम्य विस्मरण असलेली ३० माणसं, निम्म्यांना लायन्स मेनच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या, १६ आठवडे. मशरूमवाल्या गटाचे चाचणीतले गुण खरंच जास्त वाढले. पण गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत ते परत घसरले, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. आणि डोस होता रोज जवळपास ३ ग्रॅम, फक्त लायन्स मेनचा. तुमच्या डबीत दहा मशरूम मिळून १ ग्रॅम, म्हणजे समान वाटणी धरली तर लायन्स मेन आलं १०० मिलिग्रॅम. त्या ट्रायलच्या तीसाव्या हिश्शाएवढं! मग त्या ट्रायलचा आधार या डबीला कसा लागू होणार?

२०२३ मधे तरुण निरोगी लोकांवर एक झाली, ४१ जण, रोज १.८ ग्रॅम. एका डोसनंतर तासाभराने एका चाचणीत ते थोडे जलद झाले, २८ दिवसांनी ताण कमी वाटण्याकडे कल दिसला, बाकी बऱ्याच चाचण्यांत फरकच नाही. "नर्व्ह ग्रोथ फॅक्टर (मज्जापेशींच्या वाढीला मदत करणारं प्रथिन) वाढवतं" हे जे सगळीकडे असतं ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राण्यांवरून आलंय. मला स्वतःला या मशरूमबद्दल आशा वाटते, पण मोठ्या ट्रायल अजून व्हायच्यात.

सगळ्यात भक्कम पुरावा टर्की टेल नावाच्या मशरूमचा आहे आणि तो कशाचा आहे ते बघा. त्यातून काढलेलं पीएसके नावाचं द्रव्य जपानमधे १९७७ पासून कॅन्सरच्या उपचारांसोबत द्यायला मंजूर होतं. १९९४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ट्रायलमधे पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले २६२ पेशंट होते, केमोसोबत पीएसके दिलेल्यांत पाच वर्षांनी ७३ टक्के जिवंत होते, नुसत्या केमोवाल्यांत ६० टक्के. पण ते औषध म्हणून बनवलेलं, ठरलेल्या शुद्धतेचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं. निरोगी माणसाने कुठल्याही कॅप्सूलमधून टर्की टेल घेतलं की प्रतिकारशक्ती वाढते, असं त्यातून निघत नाही.

औषधांची_खिडकी:
फार्मासिस्ट आहे, म्हणून आधी महत्त्वाचं. वॉरफरिन चालू असताना ही डबी सुरू करू नका. रेशीमुळे प्लेटलेट एकमेकांना चिकटायचं प्रमाण कमी होऊ शकतं असं दिसलंय, त्यात वॉरफरिन म्हणजे रक्तस्रावाची भीती. साखरही काही मशरूममुळे आणखी खाली जाऊ शकते. दहा घटक एकदम सुरू केले आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बिघडला तर कशामुळे हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

"नैसर्गिक आहे" याचं उत्तर बाबांना असं द्या की वॉरफरिनचं मूळसुद्धा कुजलेल्या गवतात सापडलेल्या द्रव्यात आहे, ते गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची.

रेशीची पावडर घेतल्यावर लिव्हरला गंभीर इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, त्यातला एक पेशंट दगावला. चागामधे ऑक्झलेट खूप असतं, ते किडनीत साचून तिला इजा करू शकतं. जपानमधली २०१४ साली प्रसिद्ध झालेली एक केस आहे, ७२ वर्षांच्या बाई लिव्हरच्या कॅन्सरवर उपाय म्हणून रोज ४-५ चमचे चागा पावडर सहा महिने घेत होत्या, किडन्या गेल्या आणि डायलिसिसवर जावं लागलं. डोस मोठा होता हे खरं, पण वय झालेल्या, शुगर असलेल्या माणसाच्या किडनीला हा धोका कशासाठी द्यायचा? आणि त्या बदल्यात मिळणार काय, तर चागावर माणसांमधे धड ट्रायलच नाहीत.

अजून एक, आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं आणि बी१२ कमी झालं की विसरायला होतं. आधी बी१२, थायरॉइड, ऐकू नीट येतंय का, झोप कशी आहे हे बघून घ्या. यातलं काही निघालं तर त्यावर इलाज आहे. कॅप्सूल सुरू करून "बघू तीन महिने" म्हणत बसलात तर तेवढा वेळ वाया जाईल.

सकाळची_फेरी:
मी लायन्स मेन घेतो आणि मला लक्ष लागायला फरक वाटतो, काही त्रासही नाही. सगळ्यांना घाबरवायचं कारण नाही असं मला वाटतं. कॉर्डिसेप्स या मशरूमने तर चिनी धावपटूंनी विश्वविक्रम केले होते ना?

अळंबीवेडा:
तुम्हाला वाटतोय तो फरक खोटा आहे असं मी म्हणणार नाही, निरोगी माणसाने स्वतःवर करून बघणं वेगळं आणि वॉरफरिनवरच्या माणसाला देणं वेगळं. फक्त एवढंच की फरक पडेल या अपेक्षेने घेतलं की फरक जाणवतोच, म्हणून तर ट्रायलमधे नकली गोळीचा गट ठेवतात.

धावपटूंचं म्हणाल तर ते १९९३. विक्रम झाले आणि प्रशिक्षकाने श्रेय कॉर्डिसेप्सला दिलं, तिथून ते जगभर खपायला लागलं. पण २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधी त्याच प्रशिक्षकाचे धावपटू उत्तेजक द्रव्यांसाठीच्या रक्ततपासणीनंतर संघातून वगळले गेले. २००४ मधे सराव असलेल्या सायकलपटूंवर तपासलं तेव्हा काही फायदा दिसला नाही. वयस्कर लोकांवरच्या एका छोट्या ट्रायलमधे थकवा यायच्या आधीची मजल थोडी वाढली, पण शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता होती तेवढीच राहिली.

आणि तुम्ही घेता त्या डबीत खरंच काय आहे हेही बघा. २०१७ मधे अमेरिकेत विकत घेतलेली रेशीची १९ सप्लिमेंट तपासली, त्यातली फक्त ५ लेबलप्रमाणे खरी रेशी निघाली. बऱ्याच ठिकाणी धान्यावर बुरशीचं जाळं वाढवतात आणि धान्यासकट दळतात, मग त्यात स्टार्चच जास्त. लेबलवर नुसतं "पॉलिसॅकराइड इतके टक्के" असेल तर भुलू नका, स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. बीटा ग्लुकान (मशरूममधलं खरं कामाचं मानलं जाणारं पॉलिसॅकराइड) किती ते वेगळं लिहिलंय का, मशरूमचा कुठला भाग वापरलाय, बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट मिळतो का, हे विचारायचं.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. डबी बंदच ठेवतो, पुढच्या आठवड्यात आयएनआर आहे तेव्हा डॉक्टरांना दाखवतो आणि बी१२ चं नक्की विचारतो, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. बाबा आता विचारतायत की मग साधे मशरूम जेवणात चालतील का?

औषधांची_खिडकी:
हो, खुशाल. साध्या मशरूममधे व्हिटॅमिन के अगदी कमी असतं, त्यामुळे वॉरफरिनला अडचण नाही. सिंगापूरमधे ६० च्या पुढच्या ६६३ लोकांच्या पाहणीत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा मशरूम खाणाऱ्यांत सौम्य विस्मरणाचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं होतं, २०१९ चा अभ्यास आहे. ती नुसती पाहणी होती, मशरूममुळेच तसं झालं हे त्यातून कळत नाही, पण खायला तर हरकत नाहीच. शिटाके असतील तर पूर्ण शिजवा, कच्चे राहिले तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखं पुरळ उठतं. आणि शिजवायच्या आधी चिरून थोडा वेळ उन्हात ठेवलेत तर त्यांच्यात व्हिटॅमिन डी तयार होतं.