एकट्यानं पाचट नाही जाळलं तर कृष्णेचा पूर थांबणार काय?

कृष्णाकाठ_चिकोडी
नमस्कार मंडळी. बेळगावात एमए फिलॉसॉफी करालोय, घर यडूरजवळ. सुट्टीत गावाकडं गेलो तर ऊस तुटून गेलेला आणि आप्पा पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवायच्या तयारीत. मी म्हटलं नको, हवामान बदलालंय, 2019 ला घरात पाणी शिरलेलं विसरला काय वगैरे सगळं लेक्चर दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी एकट्यानं नाही जाळलं म्हणून कृष्णा खाली उतरणार आहे काय रे? आणि काडी ओढली.

गंमत बघा, वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग म्हणून एक अमेरिकन प्रोफेसर आहे, त्यानं 2005 मध्ये हेच पेपरात लिहिलंय. रविवारी नुसती मजा म्हणून पेट्रोल पिणारी गाडी फिरवली तर त्या एका फेरीच्या धुरानं कुणाचं काही बिघडत नाही, मग ते चूक कसं म्हणायचं? हे सरकारनं सोडवायचं काम आहे आणि सरकारला ते करायला लावणं एवढं आपलं कर्तव्य, असं त्याचं म्हणणं. मला पटत नाही पण खोडूनही काढता येईना. कुणाकडं उत्तर आहे काय?

खानापूरचा_रानगडी
एका फेरीचा हिशोब केला तर शून्यच येणार की भावा, आयुष्यभराचा करून बघ. जॉन नोल्ट म्हणून अमेरिकन तत्त्वज्ञ आहे, त्यानं 2011 मध्ये केलाय, सरासरी अमेरिकन माणसाच्या जन्मभराच्या धुरामुळं पुढं एखाद-दोन माणसांना गंभीर त्रास किंवा मरण येतं असं त्याचं उत्तर. हिशोब ढोबळ आहे, पण शून्य नक्की नाही.

आणि तुझे आप्पा न् तो गाडीवाला एका रांगेत कसे बसवलास? अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडं 2 टनाच्या आसपास. हेन्री शू म्हणून दुसरा तत्त्वज्ञ 1993 पासून सांगतोय की पोटासाठीचा धूर वेगळा आणि चैनीचा वेगळा, दोन्हीला एकच तराजू लावला तर तो अन्याय. आमच्या तालुक्यात तेच चाललंय बघ. भीमगडच्या जंगलातली माणसं, धड रस्ता नाही, करंट येऊन-जाऊन, ज्यांनी हवा सगळ्यात कमी खराब केली त्यांनाच जंगल राखायला बाहेर पडा म्हणायचं. काहींना स्वतःलाच बाहेर यायचंय हे खरं, शाळा-दवाखान्यासाठी. पण राखलेल्या जंगलाचा फायदा अख्ख्या जगाला आणि घर सोडायचं त्यांनी, ह्याच्यावर कुणी पेपर लिहिलाय काय सांग.

ऊसवाला_रायबाग
दोघंही हुशार आहात पण ऊस कधी लावलाय काय? पाचटातला कार्बन त्याच वर्षी उसानं हवेतनं ओढलेला असतोय, जाळला की परत हवेत, पुढच्या पिकात परत आत. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात पाचट तेवढं मोठं पाप नाही. धूर, काजळी, थोडा मिथेन, ते वाईट आहेच, शिवाय जमिनीला मिळायचं खत राखेत जातंय. पण खरं बघायचं तर युरिया बघा. पोत्यावर पोती ओततोय आपण, त्यातला नत्र पिकाला लागत नाही तो काही प्रमाणात नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातोय, आणि तो 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 270 पट तापवतोय. वर 10 एचपीपर्यंत मोटारीला करंट फुकट, म्हणून रात्रभर पाणी चालू. ह्यातलं पोटासाठी किती आणि सवयीचं किती ते तुमच्या त्या शू साहेबांनाच विचारा. अर्धा युरिया सवयीचा आहे हे मी माझ्या रानावरनं सांगतोय.

वडगावचं_पोरगं
एवढे इंग्रज कशाला, गीतेत सांगितलंय की, कर्म कर फळाकडं बघू नको. पूर थांबो न थांबो, जाळायचं नाही म्हणजे नाही. विषय संपला.

खानापूरचा_रानगडी
संपत नाही ओ. फळाकडं बघायचंच नाही म्हटलं तर जाळणाराही म्हणंल मी माझं कर्म केलं. कुठलं कर्म योग्य हे ठरवायला कुणाचं नुकसान होतंय ते बघावंच लागतंय. पण एक मानतो, फरक पडत नाही म्हणून सोडून देणाऱ्याला हे उत्तर बरं आहे. नाहीतर मतदानालाही कुणी गेलं नसतं.

कृष्णाकाठ_चिकोडी
युरियाचं डोक्यातच आलं नव्हतं. आप्पांशी भांडायचं तर त्यावर भांडायला पाहिजे होतं, तिथं निदान पैसे वाचतात म्हटल्यावर ते ऐकतील तरी. पण 2019 सारखं पाणी परत आलं तर भरपाई कोण देणार हा प्रश्न उरतोच. इकडं कर्नाटकात कोयना धरणावर ढकलतात, तिकडं महाराष्ट्रात अलमट्टी धरणावर, आणि ज्यांच्या धुरानं पाऊस असा वेडावालाय त्यांचं नावच कुणी घेत नाही. 2022 च्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानीचा फंड काढायचं ठरलं, पण त्यातला रुपया यडूरपर्यंत पोचंल असं मला तरी वाटत नाही.

ऊसवाले दादा, पाचट कुट्टीचं मशीन तुमच्याकडं एकराला काय घेतात?

ऊसवाला_रायबाग
ट्रॅक्टर तुमचा का त्यांचा त्यावर आहे. खोडवा, म्हणजे त्याच खोडांवर पुढचा ऊस, ठेवणार असाल तरच करा, मोडणार असाल तर नांगरून आत घाला. मेसेज टाका, नंबर देतो.