रिंगेलब्लुम संग्रह: काही कागद भिजले, काही वाचले, असं का?

प्रश्न: पोलंडमधल्या वॉर्सा घेट्टोत (नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती) इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने तिथल्या जीवनाच्या नोंदी म्हणून जमवून पुरलेले कागद सारखेच का टिकले नाहीत?

उत्तर: भांडी वेगळी होती. ऑगस्ट १९४२ मध्ये पत्र्याचे १० डबे पुरले, पण ते जलरोधक नव्हते. सप्टेंबर १९४६ मध्ये काढले तेव्हा आत पाणी शिरून शाई पसरली होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुरलेले दुधाचे २ कॅन डिसेंबर १९५० मध्ये सापडले. त्यांतले कागद बरेच शाबूत होते.

आणखी एक: रिंगेलब्लुम यांचा मूळ अभ्यास वॉर्सातल्या मध्ययुगीन ज्यूंचा, तरी त्यांनी ट्रामची तिकिटं, रेशनकार्डं, मुलांचे निबंधही जमवून घेतले. माझ्या मते सर्वांत मोलाचं हेच.

प्रश्नकर्ता: डबे आणि कॅन हे दोन भाग झाले; संग्रहाचा पुरलेला तिसरा भाग?

उत्तर: अजून सापडलेला नाही.