शनीचा जप ठेक्याने देऊन चालतो का?

मेषवाला:
माझी रास मेष. २९ मार्च २०२५ला शनी मीनेत आला आणि घरात साडेसाती सुरू झाली. आईच्या हट्टापायी जप करवून घेतला. शनीची जपसंख्या २३,०००. चार गुरुजी आठला बसले, बाराला पानावर. मी मागे बसून हिशेब केला. ‘शं नो देवीरभिष्टय’ ही ऋचा कितीही भरभर म्हटली तरी सहा सेकंद जातात. म्हणजे एकूण ३८ तास, चौघांत वाटले तरी प्रत्येकी साडेनऊ. मग चार तासांत आकडा भरला कसा? स्वतः माळ ओढणाऱ्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याने दक्षिणा घेऊन म्हटलं की माझा शनी निवळतो, हे पचत नाही.

ऋग्वेदी:
चूक त्या चौघांची, शास्त्राची नव्हे. संकल्प तुमच्या नावागोत्राने सोडलाय ना? वकील कोर्टात बोलतो ते अशिलाचंच म्हणणं धरतात. संख्या भरत नसेल तर दोन दिवस जास्त बसायचं. दशांश हवन, म्हणजे जपाच्या दहाव्या हिश्शाइतक्या आहुती, तरी झालं का? कलियुगात काही जण चौपट जप सांगतात, ९२,०००.

खडूस:
चौपट! भाववाढ तिथेही पोचली तर. मुळात ती ऋचा शनीची नाहीच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नववं सूक्त, देवता आपः, म्हणजे पाणी. ‘शं नो’ कानाला शनीसारखं लागतं, एवढंच नातं. बुधाला ‘उद्बुध्यस्वाग्ने’ देतात, त्यात जागं करतात अग्नीला! आणि साडेसाती एका वेळी बारांतल्या तीन राशींना. गिऱ्हाईक आटायची भीतीच नाही.

ऋग्वेदी:
त्याला विनियोग म्हणतात. त्याच सूक्तातलं ‘आपो हि ष्ठा’ आम्ही संध्येत मार्जनाला, म्हणजे अंगावर पाणी शिंपडताना, घेतो. ऋचा एक, उपयोग अनेक. अर्थ लावून हसणं सोपं आहे.

सासुरवाशीण:
सासऱ्यांच्या बायपासच्या रात्री सासूबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून शनीचा ‘नीलांजनसमाभासं’ श्लोक म्हणत होत्या. माळ घरीच राहिलेली, म्हणून बोटांच्या पेरांवर. मग मोजणंही सुटलं. पहाटे म्हणाल्या, “चहा मिळेल का गं कुठे?” रात्रभरात तेवढंच बोलल्या. २३,०००चा हिशेब त्यांना कोणी सांगितला नव्हता.

खडूस:
त्याला माझी ना नाही. पण तिथे रामरक्षाही चालली असती. मग शनीचं काय राहिलं?

सासुरवाशीण:
रामरक्षाही झाली होती. दोनदा.

ऋग्वेदी:
बघा. ही बाई ठेका देत नव्हती.

मेषवाला:
अहो, मी तेच म्हणतोय की! असो. काल गुरुजींना फोन लावला. म्हणाले, उरलेला जप आम्ही घरी पुरा केला. कधी, विचारलं तर म्हणाले, “शनिवारी या, तेलही वाहून टाकू.”