ऐपत असलेल्यांनी नवोदयचा फॉर्म भरावा का?

मास्तर_गेवराई

शाळा उघडली की पाचवीच्या पालकांचे फोन चालू होतात, फॉर्म सुटला का, कागदं काय लागतात, क्लास कोणता लावू. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, आमच्या जिल्ह्याचं नवोदय, म्हणजे सहावीपासूनची केंद्र सरकारची निवासी शाळा, गढीला. आज जे लिहितोय ते बऱ्याच जणांना टोचेल, माझ्यासोबत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना तर नक्कीच, पण मनापासून लिहितोय. ज्या घरात दोन पगार येतात, ज्यांना तालुक्याच्या चांगल्या शाळेची फी आणि वरून क्लासची फी परवडते, त्यांनी आपल्या लेकराचा नवोदयचा फॉर्म भरू नये.

एका नवोदयला सहावीत जास्तीत जास्त ८० जागा. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात हे स्वच्छ लिहिलं होतं की हुशार लेकराला चांगलं शिक्षण मिळावं, बापाची पैसे भरायची ताकद असो नसो. पहिल्या दोन शाळा काढल्या त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला, म्हणजे महाराष्ट्रानं ही योजना पहिल्या दिवसापासून बघितलीय. आणि आता पेपर बघा. ८० प्रश्न, १०० मार्क, दोन तास. त्यातले ५० मार्क एकट्या बुद्धिमत्ता चाचणीला. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसं दिसेल. ज्या पोरानं वर्षभर रोज अशा शंभर आकृत्या सोडवल्या आणि ज्यानं परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा बघितल्या, त्या दोघांची बुद्धी सारखी असली तरी मार्क सारखे येणार नाहीत.

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. लेकरं एकतर आजीजवळ राहतात नाहीतर फडावर जातात. परीक्षा नेमकी हंगामात. त्यात नियम असा की तिसरी, चौथी, पाचवी मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण वर्ष झालेली पाहिजे, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. फडावर गेलेलं लेकरू इथंच बाद होतं. माझ्या वर्गात एक पोरगी होती, भागाकार तोंडी करायची, मी दोन आकडी गुणाकार फळ्यावर लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. चौथीत नोव्हेंबरला आईबापासोबत कर्नाटकात गेली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कोण. पुढल्या वर्षी तिचा फॉर्मच भरता आला नाही. त्याच वर्षी आमच्या तालुक्यातून ज्यांची निवड झाली त्यात शिक्षकांची, ग्रामसेवकांची, दुकानदारांची पोरं होती. पोरं हुशारच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्यांना नवोदय मिळालं नसतं तरी त्यांचं काही अडलं नसतं.

स्वाती_निलंगा

सर तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, मला हे अजिबात पटलं नाही. मी स्वतः झेडपी शिक्षिका आहे, मिस्टर खासगी दुधसंघात आहेत, म्हणजे तुमच्या हिशोबात आम्ही दोन पगारवाले. माझा मुलगा आता पाचवीला आहे आणि आम्ही फॉर्म भरणार आहोत. नवोदय ही गरिबांची योजना म्हणून कधी काढलीच नव्हती, ती गुणवत्तेची शाळा आहे. गरिबांसाठी आश्रमशाळा आहेत, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, ती धड चालत नाहीत याचा राग तुम्ही माझ्या मुलावर का काढताय?

आणि दोन पगार म्हणजे काय हो. एक लोन घराचं, सासऱ्यांच्या डायलिसिसचा खर्च, आणि आम्ही राहतो त्या गावापासून बरी म्हणावी अशी सायन्स शिकवणारी शाळा सव्वा तासावर. लातूरला ठेवायचं म्हटलं तर होस्टेल धरून वर्षाला जे लागतं ते तुम्हालाही माहितीये. मी रोज दुसऱ्यांची पस्तीस मुलं शिकवते, घरी येऊन माझ्या मुलाला आकृत्या शिकवते, यात मी कोणाचं हिसकावलं? अभ्यास करून घेणं हा गुन्हा आहे का?

नवोदयन_पोखरापूर

मी सोलापूर जिल्ह्यातल्या पोखरापूर नवोदयचा, नव्वदच्या दशकातली बॅच. वडील मोहोळ तालुक्यात सालगडी होते. त्यामुळं मास्तरांचं दुःख मला कळतं, ते दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण तरी मी स्वातीताईंच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण सांगतो.

सहावीत गेलो तेव्हा माझ्या शेजारच्या बेडवर एका डॉक्टरचा मुलगा होता. डॉर्मिटरीत सगळ्यांना सारखीच ट्रंक, सारखीच गादी, सकाळी पीटीला सगळे एकाच लाइनीत, कोण कोणाचा ते हळूहळू कळायचं. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही हाऊसं हीच काय ती ओळख. इंजिनिअरिंग म्हणजे काय, मेडिकलला कसं जातात, पेपर कसा वाचतात हे मला त्या पोराकडून आणि त्याच्या घरून येणाऱ्या मासिकांतून कळलं. आमच्या घरी तर कुणाला ते माहितीच नव्हतं. नुसती सालगड्यांची आणि ऊसतोड्यांची पोरं एका जागी कोंडली असती तर शिक्षक चांगले मिळाले असते, पण ही हवा लागली नसती. आणि एकदा का शाळा फक्त गरिबांची झाली की तिच्यासाठी भांडणारं कुणी उरत नाही. मेसमध्ये पाणीदार आमटी आली की पालकसभेत उभं राहून बोलणारे हे पगारवालेच असायचे, माझा बाप तर सभेला यायलाही बिचकायचा.

मास्तर_गेवराई

दादा तुमचा मुद्दा मोठा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण तुमच्या काळी तालुक्याला नवोदयचे क्लास नव्हते. तेव्हा डॉक्टरचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा दोघंही आकृत्या पहिल्यांदाच बघत होते, म्हणून तुम्ही दोघं शेजारी आलात. आता डॉक्टरच्या मुलाच्या शेजारी इंजिनिअरचा मुलगा येतो. तुम्ही ज्या मिसळणीचं कौतुक करताय तीच जायला लागलीय.

स्वातीताई, तुमच्या मुलाबद्दल राग नाही. तुम्ही त्याला घरी शिकवता तसं शिकवणारं कुणी नसलेल्या लेकराबद्दल बोलतोय. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, त्यात मुलींना, एससी-एसटीला, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी, आणि सरकारी नोकरदारांच्या मुलांना १५०० पर्यंत. म्हणजे फी घेताना सरकारला घरची परिस्थिती दिसते. जागा देताना मात्र उत्पन्न कुठंच बघत नाहीत. ग्रामीण भागाला किमान ७५ टक्के जागा आहेत, पण ग्रामीण म्हणजे गरीब असं थोडंच आहे.

अभय_के

त्या ७५ टक्क्यांचंच सांगतो. आमच्या ओळखीत लोक मुलाला शहरात ठेवतात, तिथं फुल टाइम अकॅडमी, आणि नाव गावच्या शाळेच्या पटावर. हजेरी लागत राहते. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला तरी मुलगा शहरी धरतात असा नियम आहे, म्हणून ही आयडिया. यावर कुणी का बोलत नाही? ऐपतवाल्यांनी फॉर्म भरू नये हे मला पटत नाही, कायद्यानं ज्याला हक्क आहे त्यानं भरावा. पण खोट्या हजेरीवर सही करणारा मुख्याध्यापक आणि करून घेणारा पालक, दोघांवर कारवाई झाली पाहिजे. आधी हे बंद करा मग बाकीचं बोलू.

स्वाती_निलंगा

याला माझा पूर्ण पाठिंबा. माझा मुलगा रोज माझ्याच शाळेत बसतो.

मनीषा_परभणी

मला सगळ्यांनाच एक विचारायचंय. तुम्ही जागेवरून भांडताय, पण दहा वर्षांच्या लेकराला घरापासून तोडायचं की नाही हे कुणी बोलतच नाहीये. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयांमध्ये ४९ मुलांनी आत्महत्या केल्याचं बातम्यांत आलं होतं, मानवाधिकार आयोगानंही दखल घेतली होती. त्यात अर्ध्याहून जास्त दलित-आदिवासी मुलं होती. मास्तर, तुम्ही ज्यांना जागा मिळावी म्हणताय तीच ही मुलं. घरी फोन करायला रविवारची लाइन, आजारी पडलं तर आई नाही, मोठ्या मुलांचा जाच. मला नवोदय वाईट म्हणायचं नाहीये. पण "लागला की सुटला" असं म्हणून आपण लेकराला नेऊन सोडतो आणि मिठाई वाटतो, आणि ते पोर पहिले सहा महिने उशीत तोंड घालून रडतं ते कुणाला सांगत नाही.

नवोदयन_पोखरापूर

ताई रडलोय मी, खोटं कशाला बोलू. पण घरी राहिलो असतो तर त्या वयात मी गुरं राखत असतो, हेही तितकंच खरं. ज्याच्या घरी आई मायेनं दोन वेळा जेवू घालते आणि अभ्यास घेते त्याच्यासाठी घर सोडणं हा तोटा असेल, माझ्यासाठी तीन वेळचं जेवण आणि लायब्ररी होती. आकडा मात्र तुम्ही सांगितला तो विसरण्यासारखा नाही. प्रत्येक शाळेत कायमचा समुपदेशक हवा, कंत्राटी नको, आणि मुलाची भाषा बोलणारा हवा. नववीत वर्गातली काही मुलं वर्षभरासाठी हिंदी पट्ट्यातल्या नवोदयला पाठवतात, तिथं तर फारच गरज असते. मला तो अनुभव आवडला होता पण माझ्या एका मित्राला नाही झेपला, आणि त्याच वर्षी गणित-विज्ञान मराठीतून इंग्रजीत जातं, दोन्ही ओझी एकदम.

मनीषा_परभणी

हेच म्हणतेय मी. म्हणजे मास्तरांचा मुद्दा मान्य केला तर शाळेला दुप्पट जबाबदारी घ्यावी लागेल. ज्या लेकराला पाठीशी कुणी नाही त्याला नुसती सीट देऊन भागत नाही.

शेतकरी_पुत्र_माण

माझं मत वेगळंच आहे, राग मानू नका. नवोदयमुळं गावच्या शाळेचं नुकसान झालं. वर्गातली एकदोन तल्लख पोरं सहावीत उचलून नेली की मागं राहिलेल्यांना स्पर्धा उरत नाही, आणि शिक्षकांचा सगळा जोर त्या एकदोघांवरच, कारण "आमच्या शाळेचा नवोदयला लागला" असा फ्लेक्स लावायचा असतो. बाकीची पंचवीस पोरं आकृत्या बघत बसतात. सातारा जिल्ह्यात तर देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ ची, पुसेगावला शासकीय विद्यानिकेतन, खावलीला नवोदय, एवढ्या निवडक शाळा. तरी माझ्या गावच्या झेडपीत आज दोन शिक्षकांवर पाच वर्ग. ८० जणांत कोण बसावं यावर भांडण्यापेक्षा उरलेल्या हजारोंचं बोला.

मास्तर_गेवराई

फ्लेक्सचं खरंय आणि ते मी माझ्या शाळेत बंद केलंय. पण गावची शाळा सुधारेपर्यंत आत्ता पाचवीत बसलेल्या लेकरानं काय करायचं? ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पुढल्या वर्षी परत बस म्हणता येत नाही. नववीला आणि अकरावीला रिकाम्या जागांची वेगळी परीक्षा असते, पण तोवर शाळा सोडलेल्या पोराला कोण शोधून आणणार.

अभय_के

सर मग तुमची मागणी काय ते एकदा नीट सांगा. पालकांनी मनानं फॉर्म भरू नये म्हणताय ते होणार नाही, कुणीच आपल्या पोराची संधी सोडत नसतं.

मास्तर_गेवराई

पालकांकडून मनाची अपेक्षा आहेच, ती मी सोडणार नाही. माझ्या स्वतःच्या मुलाचा फॉर्म मी भरला नाही, घरात भांडण होऊन. सरकारकडून मागणी म्हणाल तर दोन. स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या लेकरांना पूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यात हा नियम शिथिल करा, आणि ८० पैकी काही जागा अशा घरांसाठी राखून ठेवा जिथं आईबाप दोघंही शाळेत गेलेले नाहीत.

स्वाती_निलंगा

पहिल्या मागणीवर सही करते, आत्ता. दुसरीवर नाही. आईबाप शिकलेत म्हणून लेकराला मागं ठेवायचं, तर मग माझ्या आईनं मला कशाला शिकवलं? तिनं दुसऱ्याच्या शेतात खुरपून मला डीएड केलं. एका पिढीत आम्ही वर आलो आणि लगेच दार बंद. जागा वाढवा म्हणा, मोठ्या जिल्ह्यांना दुसरं नवोदय मागा, त्या मोर्चात मी पुढं असेन.

काकडहिरा_वाली

मास्तर, माझ्या भावाची पोरगी पाचवीत आहे. भाऊ-भावजय दसऱ्यानंतर कारखान्याला जाणार. पोरगी माझ्याजवळ ठेवून घेऊ का? तिसरी चौथी इथंच पूर्ण झालीय, दोन्ही वर्षं आजीजवळ राहिली होती. क्लासला पैसे नाहीत.

मास्तर_गेवराई

ताई नक्की ठेवून घ्या, आणि तुमच्या गावात हंगामी वसतिगृह चालू असलं तर तिथं जेवणाची सोय होईल, हेडमास्तरांना विचारा. फॉर्म फुकट आहे, सेतूवाल्यानं जास्त पैसे मागितले तर देऊ नका. शाळेचा दाखला-नमुना छापून त्यावर मुलीचा फोटो, तिची सही, पालकाची सही आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का, मग तोच स्कॅन करून जोडायचा. भाऊ जायच्या आधी त्याची सही आणि आधार, रहिवासी वगैरे कागदं घेऊन ठेवा, नंतर फडावरून काही मिळत नाही. फॉर्म पावसाळ्यातच भरून घ्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, वेबसाइट चालत नाही.

क्लासचं सोडा. रोज संध्याकाळी अर्धा तास आकृत्या, अर्धा तास गणित, आणि एक मराठी उतारा वाचून त्यावरचे पाच प्रश्न. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही हे तिला सांगा. उत्तरं ओएमआर शीटवर गोल काळे करून द्यायची असतात, खेड्यातली पोरं तिथंच फसतात, त्याचे कोरे नमुने मी झेरॉक्स काढून ठेवलेत, गेवराईला कुणी येणार असेल तर पाठवून द्या, देतो.